खाजणाच्या बांधाबाहेर मारांडी लावायची तर

प्रश्न (अलिबाग तालुक्यातून): आमच्या खाजणाचा, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेताचा, बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) उधाणात ढासळतो. बांधाबाहेर आमचीच थोडी चिखलजमीन आहे. तिथे निळ्या फुलांची मारांडी (खाऱ्या चिखलात वाढणारं काटेरी झुडूप) लावली तर चालेल का? पुढे ती भातात घुसणार नाही ना?

उत्तर: जरूर लावा, मात्र बांधाची सगळी राखण तिच्यावर सोपवू नका. मारांडीची मुळं चिखल धरतात, पण लाटेचा जोर मोडायला तिवर-चिप्पी ही खारफुटीची झाडंच हवीत. समोर तिवराची रोपं आपोआप उगवत असतील तर ती येऊ द्या. मारांडी त्यांच्या मागे, बांधाच्या पायथ्याशी लावा.

भरतीचं पाणी येऊन ओहोटीला निघून जातं अशी जागा निवडा. पाणी तुंबणारा खड्डा नको. लागवड पावसाळ्यात करा, तेव्हा खाडीचं पाणी कमी खारं असतं. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, दोन-तीन पेरांचे फाटे त्याच चिखलाने भरलेल्या पिशव्यांत लावा आणि मुळं धरल्यावर हलवा. बियांपासून करायचं असेल तर बी ताजंच पेरा. बोंडं वाळली की तडकून बी उडतं, म्हणून तपकिरी व्हायला लागताच काढा. फाटे आणि बोंडं स्वतःच्या जागेतूनच घ्या, राखीव कांदळवनातून नकोत.

खत अजिबात घालू नका, भरतीचा गाळ पुरतो. उन्हाळ्यात पानांवर पांढरी खर दिसली की शेतकरी फवारणीचं औषध विचारायला येतात. तो रोग नाही. हे झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. सावलीत वाढलेल्या झाडाच्या पानांना काटे कमी असतात, तेही बिघाडाचं लक्षण नव्हे. फुलं साधारण फेब्रुवारी ते मे या काळात येतात. त्यांवर भुंगे आणि शिंजीर पक्षी येतात.

भाताचं म्हणाल तर नांगरत्या शेतात मारांडी तग धरत नाही. खरी भीती नादुरुस्त उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची. खारं पाणी आत येत राहिलं आणि शेत पडीक पडलं, तर दोन-चार वर्षांत तिथे तिवर उभं राहतं. मग ते तोडता येत नाही. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार जमीन खासगी असली तरी कांदळवन तोडायला बंदी आहे आणि भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. त्यामुळे लागवडीआधी उघाडीची झडप आणि खेकड्यांची बिळं बघून घ्या. सातबाऱ्याची हद्द तलाठ्याकडून आणि कांदळवनाची नोंद वनखात्याकडून तपासा. आत पनवेल-3 सारखं खार सोसणारं भात घ्या.