वाचकांचे प्रश्न : गवताचा गठ्ठा आणि त्याची गाठ

प्रश्न : बेलर, म्हणजे गवताचे गठ्ठे बांधणारे यंत्र, गवताच्या ओळीवरून जातो आणि मागून सुतळीने बांधलेला चौकोनी गठ्ठा बाहेर पडतो. आत नेमके काय घडते आणि माणसाचा हात न लागता गाठ कशी बसते?

उत्तर : याचे उत्तर बेलरच्या आधीपासून, म्हणजे कापणीपासून द्यावे लागेल, कारण बेलर गवताला फक्त आकार देतो, चारा टिकणार की सडणार याचा निकाल त्यापूर्वीच उन्हात लागलेला असतो. हिरव्या गवताच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते. लहान चौकोनी गठ्ठ्यासाठी ते १८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरावे लागते. हिशेब मांडून पाहिला, तर १५ टक्के ओलाव्याचा एक टन वाळका चारा मिळवण्यासाठी सव्वाचार टन हिरवे गवत कापावे लागते आणि त्यातले सव्वातीन टन पाणी शेतातच उडून जावे लागते. एवढे काम ऊन आणि वारा करतात; आपली यंत्रे त्यांची वाट मोकळी करून देतात.

कापणीसाठी ट्रॅक्टरला जोडलेला मोवर वापरतात. त्यात कात्रीसारखी मागेपुढे सरकणारी पाती असतात किंवा वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांना लावलेल्या लहान सुऱ्या. काही मोवरना मागे दोन रूळ असतात, त्यांतून जाताना गवताचे दांडे जागोजागी चेमटतात. ही सोय फार मोलाची आहे, कारण पान लवकर वाळते आणि दांडा पाणी धरून बसतो. दांड्याची साल फुटली, की दोघांच्या वाळण्यातले अंतर कमी होते. त्यानंतर टेडर नावाचे यंत्र गवत उधळून पसरते, आणि शेवटी रेक ते ओढून बेलरला उचलता येईल अशा ओळीत आणतो. लसूणघासासारख्या पिकात रेक सकाळी, पाने थोडी दमट असताना चालवावा. दुपारच्या कडक उन्हात पाने चुरा होऊन मातीत पडतात, आणि प्रथिनांचा बहुतांश भाग त्या पानांतच असतो. मागे राहतात त्या नुसत्या काड्या.

गवत तयार झाले का, हे हातानेही कळते. ओळीच्या खालच्या बाजूची मूठभर काडी घ्यावी (वरची नको, ती नेहमीच फसवते), आणि जाड दांड्यावर नख ओढावे. साल सुटून आली तर आत अजून पाणी आहे. सोबत ओलावामापक असेल तर फारच उत्तम.

आता बेलर. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी यंत्राला ताकद देतो. पुढचे तारेचे दाते ओळ उचलतात, आतले हात ती कोठीत ढकलतात आणि एक जड दट्ट्या मिनिटाला साधारण ८० ते १०० ठोके देत प्रत्येक घास आधीच्या घासावर दाबतो. त्याच्या कडेची सुरी बाहेर लोंबणारे गवत कापते. म्हणूनच गठ्ठा सोडल्यावर तो थरांनी, वहीच्या पानांसारखा उलगडतो. गठ्ठा किती घट्ट व्हावा, हे कोठीची वाट मागे किती आवळली आहे यावर ठरते.

गाठीची रचना मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. सुतळीचे एक टोक वर, खाचा असलेल्या एका चकतीत पकडलेले असते; तिथून ती गठ्ठ्याच्या मागच्या टोकाला वळसा घालून खाली जाते. गठ्ठ्यावर टेकलेले दातेरी चाक ठरावीक लांबी मोजून झाली की खटका सोडते. दट्ट्या गवत दाबून धरतो, त्याच क्षणी खालून वाकड्या सुया त्याच्या तोंडावरच्या खाचांतून वर येतात आणि सुतळीचा दुसरा पदर पहिल्याशेजारी आणून ठेवतात. तिथे पक्ष्याच्या चोचीसारखा एक आकडा असतो. तो दोन्ही पदर अंगाभोवती गुंडाळत एक फेरी घेतो, फिरता फिरता चोच उघडून पदर तोंडात धरतो, सुरी मागची सुतळी कापते आणि एक पाते चोचीवरचा वेढा पुढे सरकवते. वेढा निसटला, की चोचीतले पदर त्यातून ओढले जाऊन गाठ आवळली जाते. सुईने आणलेले नवे टोक चकतीतच राहते, तीच पुढच्या गठ्ठ्याची सुरुवात. सारे काही दट्ट्याच्या एका फेरीच्या अवधीत आटोपते. ही चोच मुळात गवतासाठी नव्हती. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन ॲपलबी यांनी ती धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी घडवली.

गाठ चुकली किंवा गवत तुंबले, तर आधी पीटीओ बंद करावा, ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे, बेलरचे फिरते जड चाक पूर्ण थांबू द्यावे आणि मगच यंत्राजवळ जावे. चालू बेलरच्या तोंडातले गवत हाताने ओढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. दाते गवत ज्या वेगाने आत घेतात, त्या वेगापुढे हात मागे घेणे माणसाला जमत नाही.

प्रश्न : आमचे गोल गठ्ठे उघड्यावर असतात. बाहेरचा वीतभराहून कमी थर काळा पडतो, आतले गवत चांगले असते. एवढे नुकसान सोसावे का?

उत्तर : थर पातळ दिसतो, पण गोलाचे बरेचसे गवत बाहेरच्या अंगालाच असते. दीड मीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा १५ सेंटिमीटरचा बाहेरचा थर म्हणजे जवळजवळ ३६ टक्के चारा, १.२ मीटर व्यासाच्या गठ्ठ्यात तोच थर सुमारे ४४ टक्के होतो. मोठ्या गोल गठ्ठ्यांचा बेलर गॅरी व्हर्मीर यांनी १९७१ मध्ये आणला. एका माणसाला एकट्याने काम उरकता यावे ही त्यामागची सोय खरी, पण उघड्यावर ठेवणे ही त्याची अट नव्हे. निदान गठ्ठे जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर किंवा खडीवर ठेवावेत आणि वर ताडपत्री घालावी. जमिनीतली ओल खालून चढते, तेव्हा नुसते झाकणही पुरत नाही. सुतळीऐवजी जाळीचे दोन-तीन वेढे दिल्यास पाणी अंगावरून बरेच निथळते.

प्रश्न : रचलेल्या गठ्ठ्यांतून गोडसर, करपट वास येतो आहे. काय करावे?

उत्तर : हे तातडीने घ्यावे. ओलसर बांधलेल्या गवतात सूक्ष्मजीव वाढतात, त्यांची उष्णता आत कोंडते, आणि बांधल्यानंतर काही आठवड्यांपर्यंत गंजी आपोआप पेट घेऊ शकते. लांब पोकळ नळीतून तापमापक आत सोडून पाहावे. ५५ अंश सेल्सिअसच्या वर रोज, ६५ च्या वर दर काही तासांनी मोजावे. ८० च्या आसपास आकडा गेला तर गठ्ठे ओढून मोकळे करण्याचा मोह टाळावा, कारण आत हवा शिरताच भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवावे आणि ते पाण्याची तयारी करून उभे राहिल्यावरच गंजी उकलावी.