सागा म्हणजे आपली पांढरी तिळवणच

ताई, तुम्ही फोटो टाकून विचारलंत, ही भाजी विषारी तर नाही ना? घाबरू नका. केनियात, नैरोबीला सूनबाईंनी आणलेली ‘सागा’ या पालेभाजीची जुडी विषारी नाही. गोंधळ झालाय तो तिच्या ‘स्पायडर प्लांट’ या इंग्रजी नावामुळे. ते शोधलं की कुंडीतलं, पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब पात्यांचं रोप समोर येतं. ते क्लोरोफायटम, आपल्या सफेद मुसळीचं भावंड. मूळचं तेही आफ्रिकेतलं, पण या भाजीशी त्याचं काही नातं नाही.

तुम्ही टाकलेल्या फोटोत एका देठावर पंजासारखी पाच पानं स्पष्ट दिसतात. ही आपली पांढरी तिळवण, शास्त्रीय नाव क्लिओमी गायनँड्रा. काही पुस्तकांत गायनँड्रॉप्सिस गायनँड्रा असं सापडेल, वनस्पती तीच. वर्षायू, कमरेएवढी वाढते, खोडावर बारीक चिकट लव आणि बरेचदा जांभळी झाक. खात्री करायची तर फूल बघा. चार पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्या मधून काडीसारखा एक देठ वर येतो आणि सहा पुंकेसर त्या देठाच्या मध्यावरून फुटतात, तळातून नाही! कोळ्याच्या पायांसारखे दिसतात, म्हणून ते इंग्रजी नाव. पिवळ्या तिळवणीत हा देठ नसतो. शेंग लांब, बारीक, बी काळपट आणि खरबरीत.

नावांचं म्हणाल तर मी केनियातल्या किसुमू शहरात होतो तेव्हा एकाच बाजारात तिथल्या वेगवेगळ्या जमातींची तीन नावं ऐकायचो. लुओ बायका ‘देक’ म्हणायच्या, किसीकडच्या ‘चिन्सागा’, आणि किकुयू गिऱ्हाईक ‘थागेती’ मागायचं. खाली झिम्बाब्वेत शोना लोकांची ती ‘न्येव्हे’, बोत्स्वानात ‘रोथ्वे’, उत्तर नामिबियात ‘ओंबिदी’. तिथे ती शिजवून, वड्या थापून उन्हात वाळवतात, कोरड्या महिन्यांसाठी. आपल्याकडे पडीक रानात, रस्त्याकडेला उगवते, कोकणात ‘मबली’ही म्हणतात. गंमत म्हणजे आपण तिला तण समजून उपटतो आणि तिथे ती जुडीने विकत घेतात. ज्वारी-मक्यासारखी सी-४ वनस्पती, म्हणजे कडक उन्हातही जोमाने अन्न बनवणारी, असल्याने ऊन तिला मानवतं.

आता चव. कडू आहे, आणि मोहरीच्या कुळाशी जवळचं नातं असल्याने उग्रही. सूनबाईंनी परतून केली असेल तर पहिला घास पोटात जाणार नाही, माझाही गेला नव्हता. शेजारच्या लुओ मावशींनी शिकवलं: कोवळे शेंडेच खुडायचे, भरपूर पाण्यात उकडायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मग दूध घालून मंद आचेवर. रात्रभर तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केली की कडूपणा बराच उतरतो. बाळंतिणीला तिकडे ही आवर्जून देतात.

दारात लावायची असेल तर बी विस्कटून पेरा आणि तुरा दिसला की लगेच खुडा. फुलोरा राहू दिलात तर पानं लहान होत जातात.

एकच सांगतो. बाजारातली जुडी निःशंक खावी, पण रस्त्याकडेची स्वतः तोडायची तर फूल बघितल्याशिवाय नको.