तिने वास घेतला तर घेऊ द्या

पुण्याच्या सहकारनगरहून एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे: ‘ताई, माझे वय ४४, नोकरी बँकेत. व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन आलो त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून एक थेंबही घेतलेला नाही. तरीही संध्याकाळी घरी आलो, की पत्नी पाण्याचा तांब्या हातात देते आणि क्षणभर तिथेच उभी राहते. ती वास घेते, हे मला कळते आणि डोके फिरते. रात्री झोप नीट लागत नाही, संध्याकाळ खायला उठते. पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे. भाऊ म्हणतो, एवढा ताबा आला आहे, तर एका पेगने काय होणार? कोणाचा विश्वासच बसणार नसेल, तर न पिऊन तरी काय मिळवले?’

प्रिय बंधू,

आठ महिने म्हणजे सुमारे दोनशे चाळीस संध्याकाळी, आणि त्यांतली प्रत्येक तुम्ही स्वतः निभावली आहे, याबद्दल आधी तुमचे मनापासून अभिनंदन करते.

माझ्या वडिलांनी दारू सोडली, तेव्हा मी नववीत होते. त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षे, जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, की मी पुस्तक मिटून कान देत असे, की पावले सरळ पडत आहेत की अडखळत आहेत. वडिलांवर माझा जीव होता आणि ते पीत नाहीत हेही मला ठाऊक होते. पण कानांची सवय काही जात नव्हती. तुमच्या पत्नीचे तसेच झाले असावे. तुमच्या शपथा तिने इतकी वर्षे ऐकल्या आहेत, त्यामुळे आता तिचा भरवसा शब्दांवर राहिलेला नाही, नाकावर आहे. तेव्हा तिने वास घेतला तर घेऊ द्या. तांब्या हातात घेऊन तिथेच दोन मिनिटे बसा, दिवस कसा गेला ते सांगा, आणि ‘अजून संशय घेतेस?’ हे वाक्य तेवढे गिळा. विश्वास मागून मिळत नाही आणि त्याची मुदतही तुम्हाला ठरवता येणार नाही, हे तुम्हाला कठोर वाटेल, तरीही मला सांगितलेच पाहिजे.

तिलाही स्वतःचे माणूस हवे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. तिची इच्छा असेल तर तिने तिथे जावे, तुम्ही पाठवले म्हणून नव्हे.

आता त्या एका पेगविषयी. तुमच्या भावाचे प्रेम खरे आहे, पण सल्ला घातक आहे. ज्याला व्यसन जडले, त्याच्या मेंदूत दारूची ओढ खोल रुजलेली असते. आठ महिन्यांत ती झोपते, मरत नाही. शिवाय एवढ्या काळात दारू पचवण्याची शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून जुन्या प्रमाणात घेतलेली दारू पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक बाधते. ताबा आला आहे तो पहिला पेग न घेण्याचा. तो घेतल्यानंतरचा ताबा तुमच्याकडे कधी नव्हता. एवढे करूनही कधी घसरलात, तर लपवू नका आणि पिणे सुरू राहिले असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका; दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याला अचानक थांबल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर हवेतच. दारू सोडल्यानंतर झोपेची तक्रार काही महिने राहते. त्यासाठी दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणू नका; तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळ खायला उठते, ही मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. साडेसहाला बँकेतून निघून परमिट रूममध्ये जाण्यात तुमचे दोन तास जात असतील. दारू गेली, तास मात्र तिथेच राहिले. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा घसरण्याच्या, असे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमधली जुनी माणसे सांगतात, आणि संध्याकाळी सातला या चारही एकदम भेटतात. म्हणून बँकेतून निघण्यापूर्वी काहीतरी खाऊन घ्या, रस्ता बदला, आणि घराजवळच पर्वती आहे, तिच्या एकशे तीन पायऱ्या चढून या. आठवड्यातून दोन संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला द्या. तिथे कोणी तुमचे आडनाव विचारणार नाही, आणि वास घेणाऱ्या पत्नीबद्दल बोललात, तर निम्म्या माना हलतील.

लग्नाला अवश्य जा. मात्र हळदीच्या रात्री गच्चीवर बैठक बसली, की तुम्ही खाली मांडवात थांबा, भावाला आजच फोन करून ‘मला आग्रह करू नकोस’ असे स्पष्ट सांगा, गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, आणि पत्नीशी आधीच ठरवून ठेवा, की तुम्ही ‘निघू या’ म्हटले, की तिने कारण न विचारता पर्स उचलायची.

तुमची,
ताई