डोकं थंड ठेवायची तयारी पुण्यातूनच

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. पोकरच्या टेबलावर हातात एक्क्यांची जोडी, समोर राजांची, रिव्हरला, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पाचव्या आणि शेवटच्या पानाला, तिसरा राजा पडला आणि पॉट (मधे जमलेले सगळे पैसे) गेला. पुढच्या दीड तासात आणखी तीन बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची चिप्सची रक्कम) गेले. त्या वेळी मन शांत कसं ठेवायचं, असं तू विचारतोस. खरं सांगायचं तर त्या क्षणी आपल्या हातात फार थोडं असतं. जे असतं ते खाली लिहितोच. पण बरंचसं काम गोव्याच्या कॅसिनोंसाठी बस धरायच्या आधी, इथे पुण्यातच उरकायचं असतं.

आधी त्या एक्क्यांचं बघू. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधीच दोघंही ऑल-इन झाले (सगळ्या चिप्स लावल्या), तर एक्के राजांना साधारण ८२ टक्के वेळा हरवतात. उरलेल्या १८ टक्के वेळा ते हरणारच. साडेपाच डावांमागे एकदा घडणारी गोष्ट तुला अन्याय वाटली, कारण तू मनातल्या मनात तो पॉट आधीच खिशात घातला होतास. त्या डावात तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं ते पुढच्या तीन बाय-इनमध्ये.

आता एक हिशोब वहीत लिहून ठेव. समज, तू चांगला खेळाडू आहेस आणि रेक (कॅसिनोची कपात) वजा जाता १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठी) कमावतोस. नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे तू खेळतोस त्या पोकरमध्ये, १०० डावांमागचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा चढ-उतार) ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरायला हरकत नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, म्हणजे रोज सहा तास धरले तर शनिवार-रविवार मिळून ३००. त्या ३०० डावांत अपेक्षित कमाई १५ बिग ब्लाइंड, आणि चढ-उतार १५५चा. म्हणजे उत्तम खेळूनही गोव्याच्या १००पैकी ४६ फेऱ्यांत तू हरून परत येशील. १०,००० डाव, म्हणजे साडेतीनशे तास खेळल्यावरसुद्धा तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के उरते. हे आकडे पाठ होईपर्यंत लिही. दोन दिवसांच्या निकालावरून स्वतःची किंमत करायची सवय त्याशिवाय सुटत नाही.

पैशांचं यातूनच ठरतं. १००-२०० ब्लाइंडच्या टेबलावर १०० बिग ब्लाइंडचा बाय-इन २०,००० रुपये. असे ४० बाय-इन, म्हणजे ८ लाख, घरभाडं, हप्ते आणि आईवडिलांच्या औषधपाण्यापासून वेगळ्या खात्यात असतील तरच ते टेबल तुझं. तुझ्याकडे २ लाख आहेत. त्यात २५-५० बसतं, त्यावर नाही. तसं टेबल मिळालं नाही तर त्या दिवशी खेळू नकोस. चिप्सकडे बघताना ‘कोथरूडच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं’ असं डोक्यात आलं, की तू पानं खेळत नसतोस, भाडं वाचवत असतोस. आणि समोरच्याला ते दिसतं. शिवाय अशा जिंकीवर सरळ ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो, हरलेली रक्कम त्यातून वजा मिळत नाही. वर धरलेल्या ५ बिग ब्लाइंडमध्ये हा कर नाही, म्हणून तुझा खरा हिशोब आणखी कडक आहे.

बाणेर-विमाननगरच्या फ्लॅटमध्ये चालणाऱ्या खेळांचं तू ओझरतं लिहिलंस. तिकडे जाऊ नकोस. महाराष्ट्रात ते जुगारबंदी कायद्याच्या कचाट्यात येतं, पत्ते कोण पिसतं ते माहीत नसतं, आणि उधारीवर चिप्स मिळतात. दाराची बेल वाजली की छातीत धस्स होणार असेल तर तिथे मन शांत ठेवायच्या गोष्टी कशाला करायच्या? पैसे लावून ऑनलाइन खेळणंही २०२५च्या केंद्रीय कायद्यापासून बंद आहे. उरलं गोवा, आणि तिथेही वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत.

प्रवासातली एक चूक बहुतेक सगळे करतात. रात्रीच्या बसने अर्धवट झोपून सकाळी पणजीत उतरायचं आणि त्याच संध्याकाळी मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर टेबलाला बसायचं. थकलेल्या माणसाला फोल्ड करायचा (पानं टाकून द्यायचा) कंटाळा येतो, म्हणून तो कॉल करतो (समोरच्याएवढे पैसे भरतो). पहिली रात्र झोपेला दे. दारू टेबलावर नको. फुकट असली तर मुळीच नको. परतीची बस रात्री ९ची असेल तर ५ वाजता उठायचं, कारण ‘जाता जाता काढून घेतो’ म्हणत खेळलेला शेवटचा तास सगळ्यांत महाग पडतो.

निघण्यापूर्वी एका कागदावर दोनच ओळी लिही: तीन बाय-इन गेले की उठणार, सहा तास झाले की उठणार. तेवढेच पैसे सोबत ने, कार्ड खोलीवर ठेव. हा आकडा टेबलावर बसून बदलायचा नाही. त्या वेळी बदलू पाहणारा तू म्हणजे ज्याच्यापासून पैसे वाचवायचे तोच माणूस. धर्मराजाला पहिल्या द्यूतानंतर सगळं परत मिळालं होतं. वाटेतून पुन्हा बोलावणं आलं आणि तो अनुद्यूताला गेला. पहिल्या हरण्यापेक्षा ते परत फिरणं मला नेहमी जास्त बोचतं.

आता प्रत्यक्ष टेबलावर. टिल्ट, म्हणजे रागाच्या भरात खेळ बिघडणं, आधी शरीरात येतो: कान तापतात, चिप्स जोरात आपटल्या जातात, आपली पाळी यायच्या आत हात चिप्सकडे जातो. तुझी खूण कोणती ते ओळखून ठेव. दुसरी खूण मोजता येते. नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीत नऊ डाव होतात, त्यांपैकी दोनेक खेळण्याजोगे असतात. सलग दोन फेऱ्या चार-चार डाव खेळलास तर पानं सुधारलेली नसतात, तू ढिला झालेला असतोस. मोठा पॉट हरलास की लगेच ऊठ आणि एक फेरी बाहेर घालव. वीसेक मिनिटं जातात. चुकलेला ब्लाइंड परत भरावा लागेल, भर. बाहेर फोनवर त्या डावाची कहाणी कुणाला सांगत बसू नकोस. सांगितल्याने राग पुन्हा पेटतो. पाणी पी, श्वास चार आकडे घे आणि आठ आकडे सोड, असं दहा वेळा कर. सोडण्याचा श्वास लांबला की नाडी खाली येते.

मोठ्या बेटसमोर, म्हणजे समोरच्याने मोठी रक्कम लावल्यावर, दर वेळी हेच तीन प्रश्न, याच क्रमाने: त्याच्याकडे कोणकोणती पानं असू शकतात, मला जिंकायची किती टक्के शक्यता लागते, मागे किती चिप्स उरतात. उदाहरणार्थ, टर्नला (चौथ्या पानाला) पॉट २०,००० आणि त्याची बेट १०,०००. तुला ४०,०००च्या पॉटसाठी १०,००० घालायचे, म्हणजे २५ टक्के हवेत. तुझा बदामाचा फ्लश ड्रॉ आहे (चार बदाम जमलेत, फ्लशला पाचवा हवा): उरलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे साडेएकोणीस टक्के. फ्लश लागल्यावर तो आणखी पैसे देईल अशी खात्री नसेल तर फोल्ड. डाव सोपा असो की अवघड, प्रत्येक निर्णयाला किमान पाच सेकंद घे. त्याने घाई आवरते आणि तुझ्या वेगावरून कुणाला काही कळतही नाही.

याचा सराव इथेच होतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढ आणि वर धाप लागलेली असतानाच असे पाच हिशोब तोंडी सोडव. छाती धडधडत असताना आकडे सुटायला लागले की ऑल-इनच्या वेळची धडधड ओळखीची वाटते. आठवड्यातून तीनदा, महिनाभर.

जिंकताना जास्त जप. दोन बाय-इन वर असलेला माणूस ‘त्यांचेच पैसे’ म्हणून उधळतो. चिप्स एकदा तुझ्यासमोर आल्या की त्या तुझ्याच. आणि एकाच खेळाडूला धडा शिकवायचा असं मनात आलं की त्याच्या डावातून तीन फेऱ्या लांब राहा. चांगली पानं आली तर इतरांशी खेळ.

एक गोष्ट गंभीरपणे. घरी रक्कम लपवावी लागली, मित्राकडून उसने घेतलेस, किंवा हरलेलं परत मिळवायचं म्हणूनच तिकीट काढावंसं वाटलं, तर वरचं काहीही उपयोगाचं नाही. खेळ थांबव आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोल. मराठीत बोलता येतं.

परत आल्यावर एक दिवस जाऊ दे, मग वही उघड. पाच अवघड डाव निर्णयाच्या जागेपर्यंतच लिही आणि शेवट झाकून ठेव. रविवारी सकाळी ये तेव्हा वही आण. कोण जिंकलं ते सांगू नकोस. तुझी पानं, त्याची बेट आणि तू किती सेकंद घेतलेस, तेवढं मला पुरे.

तुझा,
काका