वाचक विचारतात: कॅनोपी फॉर्मेशनसाठी पॅराशूट कोणते, आणि त्याची जुळणी कशी?

उघडलेली पॅराशूट (त्यांचे कापडी छत म्हणजे कॅनोपी) हवेत एकमेकांना जोडून रचना करण्याच्या प्रकाराला कॅनोपी फॉर्मेशन म्हणतात. जुने जंपर त्याला अजूनही ‘क्रू’च म्हणतात. या प्रकारातल्या साहित्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न: माझ्याकडे नऊ सेलची (हवेच्या नऊ कप्प्यांची) इलिप्टिकल, म्हणजे लंबवर्तुळाकार, कॅनोपी आहे. सुरुवात तिच्यावरच केली तर चालेल का?

नाही. तुम्ही कितीही कुशल असलात तरी नाही.

या प्रकारात कॅनोपी दुसऱ्याच्या पायांवर आणि दोरांवर आदळते, तिचा पुढचा काठ दबतो, कधी एक बाजू मिटते. अशा वेळी ती दिशा न बदलता लगेच पुन्हा फुलली पाहिजे. सात सेलची, चौकोनी आकाराची, रुंदीच्या मानाने कमी लांब कॅनोपी हे करते. इलिप्टिकल कॅनोपीची एक बाजू मिटली की ती त्या बाजूला झटकन वळते आणि गोते खाते. शेजारी तीन मीटरवर माणूस असताना असे वळण म्हणजे गुंतागुंत ठरलेली.

दुसरे कारण दोरांचे. आजच्या बहुतेक स्पोर्ट कॅनोपींचे दोर बारीक असतात. डॉकिंगमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडले जाताना, तुमचे दोर दुसऱ्याच्या पायात, हातात, कधी मानेजवळ येतात. बारीक दोर ओझ्याखाली घासला की कातडी कापतो. म्हणून इथे जाड डेक्रॉन दोर वापरतात. ते बोटांनी पकडता येतात, त्यांना थोडा ताण घेण्याची लवचिकता असते आणि घर्षणाच्या उष्णतेने ते स्पेक्ट्राच्या बारीक दोरांसारखे आखडत नाहीत. हे शेवटचे महत्त्वाचे आहे, कारण दोर आखडले की कॅनोपीचा ट्रिम, म्हणजे दोरांच्या लांबीने ठरणारा तिचा उडण्याचा कल, बदलतो आणि ती जोडीदाराबरोबर उडेनाशी होते.

परफॉर्मन्स डिझाइन्सची लाइटनिंग ही खास या कामासाठी बनवलेली सात सेलची कॅनोपी या खेळात सर्वाधिक दिसते. ती ११३, १२६, १४३, १६०, १७६, १९३ आणि २१८ चौरस फुटांत मिळते.

प्रश्न: मग आकार कसा ठरवायचा? मी ६० किलोची आहे, माझा जोडीदार ७५ किलोचा.

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘मला कोणती कॅनोपी झेपेल’ असा विचार करून आकार निवडला जातो. खरा प्रश्न ‘जोडीदाराच्या वेगाने खाली येणारी कोणती’ हा आहे. दोन कॅनोपी सारख्याच वेगाने पुढे जात आणि सारख्याच वेगाने खाली येत असतील तरच डॉकिंग सावकाश, हलक्या हाताने होते.

त्यासाठी विंग लोडिंग जुळवायचे, म्हणजे साहित्यासकटचे वजन पौंडांत घेऊन त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचे. साधारण १.३ ते १.३५ हा नेहमीचा पट्टा आहे. तुमच्या जोडीदाराचे ७५ अधिक साहित्याचे १२, म्हणजे ८७ किलो, सुमारे १९२ पौंड. १४३ वर ते १.३४ येते. उत्तम.

तुमचे ६० अधिक १२, म्हणजे ७२ किलो, सुमारे १५९ पौंड. १२६ वर १.२६ येते, ११३ वर १.४१. दोन्ही जुळत नाहीत. ११३ घ्यायचा मोह टाळा. १२६ घ्या आणि ५ किलो शिशाचा पट्टा बांधा: ७७ किलो, १७० पौंड, लोडिंग १.३५. आता जोडी जमली. तरीही एक फरक उरतोच. लहान कॅनोपीचे दोर आखूड असतात, त्यामुळे त्याच लोडिंगला ती जास्त चपळ वळते. टॉगल (ब्रेकची हँडल) हलके वापरायची सवय तुम्हाला लावून घ्यावी लागेल.

शिशाबद्दल एक गोष्ट विसरू नका. ते वजन रिझर्व्हवरही, म्हणजे राखीव पॅराशूटवरही, येते. रिझर्व्हच्या लेबलवरची कमाल वजनमर्यादा वाचा आणि शिसे धरूनच हिशेब करा. पट्टा पायाच्या वा छातीच्या पट्ट्यांखाली अडकू नये आणि कटअवेची (मुख्य कॅनोपी सोडून देण्याची) व रिझर्व्हची हँडल त्याने झाकली जाऊ नयेत.

प्रश्न: लोडिंग अगदी सारखे असूनही आम्ही जुळत नाही. मी सतत वरच राहतो.

तीन गोष्टी तपासा, याच क्रमाने.

आधी ट्रिम. एकाच मॉडेलची कॅनोपी सिक्वेन्शियलसाठी वेगळ्या आणि रोटेशनसाठी वेगळ्या ट्रिमची असू शकते. रोटेशनमध्ये सर्वांत वरचा जंपर सुटून खाली येतो आणि तळाला पुन्हा जोडला जातो, हेच घड्याळाशी स्पर्धा करत पुन्हा पुन्हा चालते. सिक्वेन्शियलमध्ये ठरलेल्या आकृत्या एकामागून एक बांधायच्या असतात. दोन्हींच्या गरजा वेगळ्या, म्हणून दोरांची लांबीही वेगळी. दोघांच्या दोरांचे माप एकाच तक्त्याचे आहे का, हे रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून, पाहून घ्या.

मग कापड. या कॅनोपी एफ-१११ प्रकारच्या कापडाच्या असतात. नवे असताना त्यातून हवा जवळजवळ जात नाही, पण जंप वाढतील तशी झिरपू लागते. झिरपणारी कॅनोपी जास्त वेगाने खाली येते आणि उतरताना फ्लेअरला (शेवटी ब्रेक ओढून वेग मारण्याला) कमी साथ देते. तुमची नवी आणि जोडीदाराची जुनी असेल तर तुम्ही वर राहणारच. जुनी कॅनोपी विकत घेताना रंगापेक्षा हे पाहा. मधल्या सेलचे वरचे कापड सर्वांत आधी थकते, कारण घडी घालताना ते सर्वांत जास्त हाताळले जाते.

शेवटी ब्रेक लाइन. ती आखूड असेल तर टॉगल वर असतानाही मागचा काठ किंचित खाली ओढलेला राहतो, म्हणजे तुम्ही नकळत ब्रेकमध्ये उडत असता. हवेत टॉगल पूर्ण वर सोडून दोन्ही पुढचे रायझर (दोर हार्नेसला जोडणारे पट्टे) खाली ओढा आणि मागच्या काठाकडे बघा. तो मुडपता कामा नये, ब्रेक लाइन वाऱ्याने मागे कमानीसारखी वाकलेली दिसली पाहिजे. उलट ती फार लांब असेल तर हात पूर्ण खाली नेऊनही पुरेसा ब्रेक मिळत नाही, आणि डॉकिंगआधी वेग मारायला तोच लागतो.

हे सगळे ठीक असेल तर शिसे एकेक किलोने वाढवून पाहा. पुढचे रायझर धरून सारखे खाली राहायचा प्रयत्न हा उपाय नव्हे. हात थकतात, आणि थकलेल्या हाताने रायझर अचानक सुटला की कॅनोपी उसळते.

प्रश्न: मधल्या दोरांचा रंग वेगळा का असतो? त्यांत आणखी काय बदल करतात?

खालचा जंपर आपली कॅनोपी वरच्याच्या पायांशी आणतो, तेव्हा वरच्याने मधल्या सेलचे ए दोर, म्हणजे पुढच्या काठाचे दोर, पकडायचे असतात. क्षणात ते ओळखता यावेत म्हणून मधले दोन ए दोर वेगळ्या, ठळक रंगाचे ठेवतात. बाजूचा दोर पकडला गेला तर खालची कॅनोपी फिरते आणि दोघांभोवती गुंडाळली जाते.

याच दोन दोरांना कॅस्केड ठेवत नाहीत. कॅस्केड म्हणजे वर दोन दोर एकत्र येऊन खाली एक होतात तो जोड. पाय दोरांवरून खाली रायझरपर्यंत घसरवत आणायचा असतो, आणि तो त्या जोडाशी अडकतो. म्हणून कॅनोपीपासून रायझरपर्यंत एकसंध दोर.

पायलट शूटही, म्हणजे मुख्य कॅनोपी ओढून काढणारे छोटे पॅराशूटही, साधे चालत नाही. उघडल्यानंतर मागे लोंबणारे पायलट शूट आणि त्याचा पट्टा (ब्रायडल) म्हणजे दुसऱ्याच्या पायासाठी लावलेला फासच. कॅनोपी फुलताना पायलट शूट वरच्या कापडाशी ओढून घेणारी रिट्रॅक्टेबल जुळणी बसवून घ्या. तशीच डिप्लॉयमेंट बॅगही (कॅनोपी घडी करून ठेवायची पिशवी) बहुतेक जण काढून टाकतात आणि दोर मागच्या काठावर शिवलेल्या खिशात, टेल पॉकेटमध्ये, भरतात. पण लक्षात ठेवा, अशी जुळणी विमानातून निघाल्यावर काही सेकंदांत उघडण्यासाठी आहे. पूर्ण वेगाच्या फ्रीफॉलनंतर ती उघडली तर झटका तुमच्यासाठी आणि कापडासाठी दोन्हींसाठी घातक ठरतो. त्या कंटेनरमध्ये ‘आज एक साधी जंप’ करू नका.

प्रश्न: क्रॉस कनेक्टर डावीकडून उजवीकडे बांधायचे की पुढून मागे?

फक्त पुढून मागे, म्हणजे एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या रायझरमध्ये. ‘प्लेन’ नावाच्या रचनेत वरचा जंपर खालच्याच्या रायझरमध्ये पाय अडकवून बसतो. त्याचा पाय टिकावा म्हणून हा आडवा पट्टा. डावे-उजवे रायझर एकमेकांना बांधले तर कटअवेनंतर दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सुटत नाहीत आणि तो पट्टा तुमच्यावरच अडकू शकतो.

प्रश्न: आरएसएल काढा असे सांगतात. एरवी तर ते जीव वाचवते!

आरएसएल म्हणजे कटअवे करताच रिझर्व्ह आपोआप उघडणारा पट्टा. एरवी तो वाचवतो, हे अगदी खरे. इथे परिस्थिती वेगळी असते.

समजा खालच्याची कॅनोपी वरच्याच्या अंगाभोवती गुंडाळली गेली. सामान्यतः खालचा आधी कटअवे करतो. त्याचे वजन गेले की ताण सुटतो आणि वरच्याला ते कापड अंगावरून सोलून काढता येते. त्याची स्वतःची कॅनोपी बरेचदा अजून उडत असते. कटअवे करणाऱ्याला मात्र त्या गुंत्यापासून दूर पडायला वेळ हवा. आरएसएल जोडलेले असेल तर सुटताक्षणी रिझर्व्ह उघडू लागते आणि ते वरच्या दोरांत जाऊ शकते. म्हणून आरएसएल विमानात चढण्याआधीच सोडून ठेवतात. मग रिझर्व्हचे हँडल स्वतः ओढायची जबाबदारी पूर्णपणे तुमची. तो सराव जमिनीवर, हार्नेसमध्ये लटकून, हात आपोआप जाईपर्यंत करा.

बोलणे तितकेच महत्त्वाचे. वरच्याच्या तोंडावर कापड असेल तर त्याला अल्टिमीटर दिसत नाही. ज्याला दिसतो त्याने उंची मोठ्याने सांगत राहायचे. हुक नाइफ (दोर कापायचे आकडीसारखे चाकू) दोन ठेवा, वेगवेगळ्या हातांना पोहोचतील अशा जागी. एक हात अडकला तर दुसऱ्याने काढता आला पाहिजे. बुटांना हुक नकोत, लांब मोजे आणि पूर्ण बाह्या असाव्यात, हेल्मेटवर कॅमेरा सुरुवातीला नकोच.

प्रश्न: कुठल्या उंचीपर्यंत डॉकिंग करावे?

२,५०० फुटांखाली नवे डॉकिंग नाही. मोठ्या रचनेत ही मर्यादा आणखी वर ठेवतात.

प्रश्न: पहिल्या जोडीच्या जंपमध्ये कॅनोपी कशा पारखायच्या?

पहिल्या वेळी सोबत अनुभवी माणूस असावा, आणि तुम्हाला स्वतःला लक्ष्यापासून ५ मीटरच्या आत सातत्याने उतरता येत असावे. उघडल्यावर लगेच जवळ जाऊ नका. सुरक्षित अंतरावर शेजारी या, दोघांनीही टॉगल पूर्ण वर सोडा आणि दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. कोण वर राहतो, कोण पुढे जातो ते बघा. मग तेच अर्ध्या ब्रेकमध्ये करा. पूर्ण वेगात जुळणाऱ्या कॅनोपी ब्रेकमध्ये फारकत घेतात, तेव्हा दोष बहुधा ब्रेक लाइनच्या लांबीत असतो.

या पारखणीत जोडीदाराच्या कॅनोपीच्या नेमके मागे आणि किंचित वर राहू नका. तिच्यामागची ढवळलेली हवा तिथेच असते, आणि तिथे शिरलेली कॅनोपी मिटू शकते. उतरल्यावर दोघांनीही आकडे लिहून ठेवा: शिसे किती, ब्रेकची गाठ कुठे, कोण किती वर राहिले. पुढच्या जंपला एका वेळी एकच गोष्ट बदला. शिसे आणि ब्रेक एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.