वेल्डिंगच्या धुरातला धातू फुफ्फुसात कायमचा राहतो का? गूळ खाल्ल्याने निघतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगला आहे, सुट्टी झाल्यावर काळी थुंकी पडते आणि जुने कामगार त्याला रोज गुळाचा खडा खायला लावतात. मी त्याच भागात एका कारखान्याचं सेफ्टीचं काम बघतो. गुळाचा प्रश्न आमच्याकडे नेहमीचाच.

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसाशी त्याची गाठ पडत नाही. खाऊ दे बापडा, पण त्यावर विसंबू नये.

काळ्या थुंकीला एवढं घाबरू नका. नाक, घसा आणि मोठ्या श्वासनळ्यांत अडकलेली धूळ कफाला चिकटते, नळ्यांच्या आतले सूक्ष्म केस तो कफ वर ढकलतात आणि बरीचशी धूळ एक-दोन दिवसांत बाहेर पडते. (विडी-सिगारेटने हे केसच मंदावतात.) खरी भानगड न दिसणाऱ्या कणांची. आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) पेटला की धातूची वाफ होते आणि ती थंड होताना १०० नॅनोमीटरपेक्षाही (मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही) बारीक कण तयार होतात. २० नॅनोमीटरच्या आसपासचे सुटे कण तर श्वासातून गेलेल्यांपैकी निम्म्याच्या घरात थेट वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक फुग्यांत, जाऊन बसतात. तिथे ते केस नसतात. तिथली झाडलोट भक्षक पेशी करतात, कण गिळून हळूहळू वर आणतात. न विरघळणाऱ्या कणांचा निम्मा साठा हटायला उंदरांत दोनेक महिने लागतात. माणसात कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त. रोज नवा धूर जात राहिला तर साठा वाढतच जाणार.

पण सगळे धातू सारखे नाहीत. गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्या दुरुस्तीला येतात, तेव्हा कुणीतरी जीआय पत्रा (झिंकचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला) तसाच जोडायला घेतो. कापसासारखा पांढरा धूर उडतो तो झिंकचा. भक्षक पेशीतल्या आम्लात झिंक ऑक्साइड विरघळतं, म्हणजे फुफ्फुसातून लवकर जातं. पण जाता जाता त्याच रात्री हुडहुडी आणि ताप देऊन जातं, जो बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतो. लोखंडाचं उलट. ते जेमतेम विरघळतं, वर्षानुवर्षं साठतं आणि एक्स-रेत ठिपके दिसतात. काम सुटल्यावर ते ठिपके काही वर्षांत फिके होतात. स्टेनलेसच्या धुराला मात्र मी खरंच भितो, त्यात क्रोमियम आणि निकेल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तर २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर सरसकट कर्करोगकारक ठरवला.

फुफ्फुसातून निघालं म्हणजे शरीरातून गेलं, असंही नाही. एडिंबरात स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासातून दिले होते. ते थोड्या प्रमाणात रक्तात उतरले आणि तीन महिन्यांनीही लघवीत सापडले.

तेव्हा आत गेलेलं काढायचं औषध शोधण्यापेक्षा आत जाणं थांबवा. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. नाकाला घट्ट बसणारा एन-९५ लागतो. जीआयवरचा झिंकचा थर जोडाच्या जागी आधी काढून टाकायचा, पण घासतानाही मास्क हवाच. धूर ओढणारा पंखा जोडाजवळ हवा, आणि वाकून काम करताना डोकं धुराच्या वाटेत नको.

दम लागत असेल किंवा खोकला जात नसेल तर छातीच्या डॉक्टरांकडे न्या, फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी करून घ्या. जाताना रॉडच्या पाकिटाचा फोटो सोबत ठेवा आणि वेल्डिंगचं काम आहे हे आपणहून सांगा. लोखंडाचे ठिपके बघून टीबीची शंका घेतली जाऊ शकते.