भाषण पाठ झालं, पण वर्गातल्या मित्राचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो, मुलगा चौथीत आहे. जानेवारीत शाळेत भाषण स्पर्धा आहे, त्याला मार्टिन ल्युथर किंग (अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले) हा विषय आलाय, मी मोबाईलवर बघून दहा ओळी लिहून दिल्या आणि त्यानं पाठ पण केल्या. पण परवा शाळेतनं बोलावणं आलं, गेले तर कळलं की वर्गात सिद्दी समाजाचा, म्हणजे पूर्वज आफ्रिकेतले असलेल्या समाजाचा, एक मुलगा आहे, त्याला हा आणि अजून दोघंतिघं मिळून केसांवरून, रंगावरून चिडवत होते, "तू आफ्रिकेला जा" असं पण म्हणाले. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरात कोण असं बोलत नाही हो, मग हे आलं कुठनं? आता हे भाषण त्याला करू देऊ की नको?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : करू द्या, पण त्या दहा ओळी आधी बाजूला ठेवा.

घरात कोण असं बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय ते मनापासून लिहिलंय हे कळतं, पण आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नसतं बघा. उन्हात खेळू नको काळा होशील. बाळ झालं की फोनवर पहिला प्रश्न, रंग कुणाचा घेतलाय? स्थळ बघताना "मुलगी सावळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे", आणि त्या "पण" मध्येच सगळं आलं की, पोरं तिथंच बाजूला खेळत असतात आणि हा "पण" बरोबर उचलतात. हे तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही, माझ्या माहेरी पण हेच होतं, बेसन-हळद लावून लावून माझ्या बहिणीचं बालपण गेलं. संक्रांतीला आपण हौसेनं काळी साडी नेसतो आणि दुसऱ्याच दिवशी काळ्या रंगावरून कुणाला तरी बोलतो. किंगचा जन्म पण १५ जानेवारीचाच, संक्रांतीच्या आसपासचा, १९२९ साली, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात.

मुलाला गोष्ट इथनं सांगा. किंग लहान असताना त्याचा एक गोरा मित्र होता, त्याच्या वडिलांचं दुकान किंगच्या घरासमोर होतं, दोघं रोज खेळायचे. सहा वर्षांचे झाले तसे दोघं वेगळ्या शाळेत गेले, कारण तिथं काळ्यांची शाळा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी, आणि एक दिवस तो मित्र म्हणाला की माझे बाबा तुझ्याबरोबर खेळू नको म्हणतात. त्या रात्री जेवताना किंगच्या आईवडलांनी त्याला पहिल्यांदा गुलामगिरीबद्दल सांगितलं आणि आई म्हणाली, तू कुणापेक्षा कमी नाहीस. एवढं सांगून थांबा. मुलाला विचारा, त्या मित्राला काय वाटलं असेल? मग तो स्वतःच आपल्या वर्गातल्या पोराचा विषय काढतो की नाही बघा, घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी बसची गोष्ट. खानापूरहून बेळगावला जाताना आपण जागा मिळेल तिथं बसतो, पण अमेरिकेतल्याच मॉंटगोमेरी शहरात तेव्हा पुढच्या सीटा गोऱ्यांसाठीच, आणि गोरा उभा राहिला तर मधल्या सीटवरच्या काळ्यांनी पण उठायचं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाई उठल्या नाहीत, त्यांना अटक झाली. मग तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नाही, कामाला चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, शेवटी कोर्टानंच तो नियम रद्द केला. किंग तेव्हा फक्त २६ वर्षांचे, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला तरी त्यांनी लोकांना हात उचलू दिला नाही. बाकी १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, १९६४ चा रंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, शांततेचं नोबेल, हे एका ओळीत चालेल.

आणि सिद्दी समाजाची माहिती आधी तुम्ही घ्या. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले कितीतरी जण घाट चढून यल्लापूर, हल्याळच्या जंगलात पळून आले. म्हणजे त्या पोराचे पणजोबा-खापरपणजोबा इथलेच, त्याला आफ्रिकेला जा म्हणणं म्हणजे त्याच्या घरातनं त्यालाच बाहेर काढणं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आपल्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्यांना २०२० मध्ये, त्याच वर्षी याच समाजातले शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले. आपल्याला भाषेवरून कुणी "तुम्ही कुठले" म्हणालं की किती लागतं ते सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, ते लागणं आठवून मुलाशी बोला.

एक मात्र करू नका, त्या सिद्दी मुलाला भाषणाच्या दिवशी पुढं उभं करणं किंवा सगळ्यांसमोर मिठी मारायला लावणं. त्याला अजून त्रास होईल. तुमच्या मुलानं एकट्यानं जाऊन "माझं चुकलं" एवढं म्हणावं, तुम्ही त्याच्या आईला भेटून यावं, आणि सुट्टीत दोघं खेळले तर खेळू देत.

प्रश्न : मी निपाणीजवळ शाळेत शिकवते. १४ एप्रिलला उन्हाळी सुट्टी लागलेली असते, जयंतीला थोडीच मुलं येतात, फोटोला हार, दोन भाषणं आणि चॉकलेट, झालं. मुलांच्या डोक्यात काहीच राहत नाही. किंग आणि बाबासाहेब एकत्र सांगितले तर चालेल का?
– शिक्षिका, निपाणी परिसर

उत्तर : चालेल की, पण सुट्टीच्या आधीच एक तास काढा बाई, आणि सुरुवात अमेरिकेतनं नको, निपाणीतनं करा. १९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद तुमच्याच निपाणीत भरली होती, आणि त्याच्या पाच वर्षं आधी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूरजवळच्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं होतं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय. मुलांना आजीआजोबांना विचारून यायला सांगा, गावात पाण्याची जागा, देऊळ, हॉटेलातला कप, कुणाला वेगळा होता का. उत्तरं ऐकताना काही घरांत अवघड जाईल, तिथं आग्रह करू नका.

जात आणि वंश एक नाही, हे मोठ्या मुलांना सांगा, बाबासाहेबांनीच तसं मांडलंय. पण दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना ओळखलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. किंग १९५९ मध्ये भारतात महिनाभर फिरले, तेव्हा केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली, त्यांना आधी धक्का बसला आणि मग पटलं, हे त्यांनी स्वतः पुढं सांगितलंय. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका छोटीच आहे, हार घालायच्या आधी सातवीच्या एखाद्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या.